मोफत एडिटर म्हणजे ढापलेला माल? एकेक आरोप बघू

‘युनिक्सवरचे मोफत एडिटर म्हणजे विकतच्या एडिटरांच्या फुकट्या नकला. कोड ढापलेला, स्वतःची अक्कल शून्य, आणि मूळ कंपनी बसली की हेही बसणार.’ युनिक्स या संगणक-प्रणालीवरच्या एडिटरांबद्दलचा, म्हणजे मजकूर आणि कोड लिहायच्या प्रोग्रॅमांबद्दलचा, हा मजकूर बराच फिरतोय, आणि शहाणीसुरती माणसंही तो पुढे ढकलतायत.

मुळात अस्सल माल कंपनीचा होता का? ज्याच्या नकला म्हणतात तो व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात विद्यार्थी असताना लिहिला. पण त्याच्या पोटात युनिक्सची मालक कंपनी एटी अँड टीच्या ‘ईडी’ या जुन्या एडिटरचा कोड होता, त्यामुळे कंपनीचं लायसन्स नसेल तर व्हीआयचा सोर्स कोड हातात पडत नसे. विद्यापीठात लिहिलेला एडिटर विद्यापीठालाच मोकळेपणाने वाटता येईना!

‘ढापला’ हा आरोप तर उलटाच आहे. तो कोड वापरायची सोय नव्हती, म्हणून तर स्टीव्ही आणि एल्विस हे व्हीआयसारखे एडिटर नव्याने लिहावे लागले. पुढे स्टीव्हीवरून विम आला. एल्विसपासून सुरुवात करून कीथ बॉस्टिक यांनी एनव्हीआय केला, कारण बर्कलीला एटी अँड टीचा कोड बाहेर काढायचा होता. आरोपाला थोडाफार आधार सापडेल तो जीएनयू ईमॅक्सच्या, म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांच्या मोफत एडिटरच्या, सुरुवातीच्या आवृत्त्यांत. त्यांत जेम्स गॉसलिंग यांच्या ईमॅक्समधला, पडद्यावर मजकूर दाखवणारा कोड होता. गॉसलिंग यांनी हक्क युनिप्रेस या कंपनीला विकले होते, तिने हरकत घेतली, आणि १९८५ मध्येच स्टॉलमन यांनी तो भाग नव्याने लिहून काढला.

आता अक्कल. जुन्या व्हीआयमध्ये ‘यू’ दाबला की शेवटचा बदल रद्द, परत ‘यू’ दाबला की तोच बदल पुन्हा हजर. मागे जायला पायरी एकच. विममध्ये ‘यू’ दाबत राहा, मागे मागे जाता. कंट्रोल-आरने पुढे येता. एनव्हीआयने जुन्या लोकांच्या बोटांची सवय मोडली नाही: दुसरा ‘यू’ तिथेही बदल परत आणतो, पण ‘यू’नंतर टिंब दाबत गेलं की आणखी मागे जाता येतं. (विममध्ये जुनंच वागणं हवं असेल तर ‘सीपीऑप्शन्स’ या सेटिंगमध्ये ‘यू’ घालायचा. हट्टी लोकांचीही सोय आहे.) नुसती नक्कल मारणारा इतक्या खोलात कशाला शिरेल? एकाच पडद्यावर अनेक खिडक्या विमने १९९४ मध्ये दिल्या, कोडला रंग १९९८ मध्ये. जॉय यांच्या व्हीआयमध्ये यातलं काहीच नव्हतं.

अर्धवट सुटलेल्या नकला आहेत, नाही कोण म्हणतंय. सब्लाइम टेक्स्ट या विकतच्या एडिटरसारखा व्हायला निघालेला मोफत लाइम असाच राहिला. पण ‘मूळ बसलं की नक्कलही बसते’ म्हणणाऱ्यांनी वर्डस्टार या जुन्या, विकतच्या लेखन-प्रोग्रॅमकडे बघावं. डॉसवरची त्याची शेवटची आवृत्ती १९९२ ची. कंट्रोल-केनंतर ‘बी’ दाबून ब्लॉक सुरू आणि ‘के’ दाबून बंद, ही त्याची पद्धत ‘जो’ या मोफत एडिटरमध्ये आजही चालते. ‘जेस्टार’ नावाने तो उघडला तर वर्डस्टारच्या आणखी कितीतरी कळा जागच्या जागी मिळतात.