सर्व्हिस प्रोग्रॅम, सिग्नेचर आणि कॉपी केलेले सबरुटीन : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

मकरपुऱ्यातील कारखान्यांमधल्या आपल्या अनुभवाचा दाखला देऊन आपण लिहिले आहे की, एएस/४०० या आयबीएमच्या व्यावसायिक संगणकावरील आरपीजी भाषेतल्या प्रोग्रॅममधली करआकारणी वेगळ्या मॉड्यूलमध्ये नेऊन तिचा सर्व्हिस प्रोग्रॅम (अनेक प्रोग्रॅमना सामायिक वापरता येणारा प्रोसिजरचा संच) करण्याचा माझा सल्ला ही नसती उठाठेव आहे. आपले म्हणणे असे की, कराचे दर फाइलमध्येच असतात, सबरुटीन (प्रोग्रॅमच्या आतला ठरावीक कामाचा कोड) कॉपी केले की काम भागते, आणि सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये एक प्रोसिजर (बाहेरच्या प्रोग्रॅमना नावाने बोलावता येणारा कोड) वाढवली की त्यावर अवलंबून असलेले सगळे प्रोग्रॅम सिग्नेचरपायी, म्हणजे सर्व्हिस प्रोग्रॅमशी जुळणी तपासणाऱ्या खुणेपायी, बंद पडतात.

दर फाइलमध्ये असतात हे खरे. नियम मात्र कोडमध्ये असतात. बडोद्याच्या कारखान्याने सुरतेच्या व्यापाऱ्याला माल विकला आणि त्याच्याच सांगण्यावरून तो थेट नाशिकला पाठवला, असे समजा. येथे पुरवठ्याचे ठिकाण सुरतेच्या खरेदीदाराच्या मुख्य व्यवसायस्थानावरून ठरते. त्यामुळे ट्रक महाराष्ट्रात गेला तरी बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यांतर्गत विक्रीवरचे केंद्राचे व राज्याचे जीएसटी) हेच लागतात, आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) नव्हे. बिलाच्या प्रोग्रॅममध्ये हे कोणी नीट दुरुस्त केले, पण क्रेडिट नोटच्या (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाच्या) प्रोग्रॅममधले कॉपी केलेले सबरुटीन माल पोहोचवण्याच्या पत्त्याचेच राज्य पाहत राहिले, तर एकाच व्यवहारावर दोन निराळे कर निघतात. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही हीच गोष्ट होती. आधीच्या पुरवठ्यावर नंतर काढलेल्या क्रेडिट नोटला मूळ पुरवठ्याचाच दर लागतो, आणि फाइलमध्ये दोन्ही दर असले तरी कोणती तारीख धरून दर उचलायचा, हे कोडच ठरवतो. म्हणून तारीख ही प्रोसिजरला बाहेरून द्यावी, तिने आत यंत्राची तारीख वाचू नये, असा माझा आग्रह आहे.

सिग्नेचरविषयीची आपली तक्रार ‘एक्सपोर्ट ऑल’ (सगळ्या प्रोसिजर बाहेर खुल्या करणारा पर्याय) वापरून बनवलेल्या सर्व्हिस प्रोग्रॅमला तंतोतंत लागू पडते : नवे नाव आले की सिग्नेचर बदलते आणि जुने प्रोग्रॅम एमसीएच४४३१ ही सिग्नेचर न जुळल्याची चूक दाखवून थांबतात. बाइंडर लँग्वेजमध्ये (कोणत्या प्रोसिजर कोणत्या क्रमाने बाहेर खुल्या करायच्या हे लिहायच्या भाषेत) जुनी यादी ‘प्रीव्हियस’ म्हणून ठेवून नवी प्रोसिजर ‘करंट’ यादीच्या शेवटी लिहिली, तर जुने प्रोग्रॅम पुन्हा बाइंड न करता, म्हणजे सर्व्हिस प्रोग्रॅमशी नव्याने न जोडताही, चालतात. नाव शेवटीच लिहायचे, कारण जुना प्रोग्रॅम प्रोसिजरला यादीतील तिच्या क्रमाने गाठतो.

खरा धोका आपल्या प्रतिक्रियेत आलेलाच नाही. सिग्नेचर नावांवर आणि त्यांच्या क्रमावर बनते, पॅरामीटरकडे (प्रोसिजरला बाहेरून दिल्या जाणाऱ्या मूल्यांकडे) ती ढुंकूनही पाहत नाही. तीन पॅरामीटर घेणाऱ्या प्रोसिजरला कोणी चौथा जोडला आणि जुने प्रोग्रॅम तसेच ठेवले, तर सिग्नेचर जुळते, प्रोग्रॅम सुरू होतो आणि चौथ्याच्या जागी मेमरीत जे काही पडले असेल ते वाचले जाते. कधी प्रोग्रॅम पडतो, कधी चुकीचा आकडा बिनबोभाट छापला जातो. नवा पॅरामीटर शेवटी, ‘नोपास’ (तो न दिला तरी चालेल अशी खूण) लावून घ्यावा आणि वापरण्याआधी किती पॅरामीटर आले ते तपासावे. ते जमत नसेल तर नव्या नावाची दुसरी प्रोसिजर लिहून जुनीतून तिलाच बोलवावे.

एका बाबतीत मात्र मी आपल्याच बाजूचा आहे. वर्षातून एकदा छापला जाणारा, कराशी संबंध नसलेला अहवाल आहे तसाच राहू द्यावा. त्यातले सबरुटीन हलवण्यासाठी मी कोणाला रविवारी कामावर बोलावणार नाही.