मालकांच्या खिशातले युनिकोड

आमच्या मालकांना संगणकाचा तिटकारा आहे असे कोणी म्हणाले तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना तिटकारा आहे तो फक्त २००१ सालानंतर संगणकाच्या जगात जे जे घडले त्याचा. आमच्या छोट्या प्रकाशनसंस्थेत (येथे पानांची मांडणी आणि मुद्रितशोधन ही दोन्ही कामे माझ्याच गळ्यात आहेत) आजही पुस्तके पेजमेकर ७ या पाने लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आणि विंडोज एक्सपीच्या यंत्रावर लावली जातात. पेजमेकरची ही शेवटची मोठी आवृत्ती २००१मध्ये आली आणि एक्सपीला मिळणारे संरक्षण मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केले. या तारखा मी मालकांना इतक्या वेळा ऐकवल्या आहेत की हल्ली मी केबिनच्या दारात उभी राहिले की तेच विचारतात, "काय, आज पुन्हा कोणाचे श्राद्ध?"

या हट्टापायी रोज काय घडते ते सांगितल्याशिवाय माझा संताप कोणाला कळणार नाही. आज आमचे बहुतेक लेखक मजकूर युनिकोडमध्ये पाठवतात. कोणी लॅपटॉपवर लिहितो, कोणी मोबाइलवर बोलून टंकतो, पण हाती येणारा मजकूर शोधता येण्याजोगा आणि कोणत्याही यंत्रावर उघडणारा असतो. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून तो चांगला मजकूर मी आधी एका परिवर्तकातून काढून जुन्या फॉन्टमध्ये बिघडवून घेते, मग पाने लावते, मग बिघडलेले दुरुस्त करते. आणि पुस्तक छापून झाल्यावर लेखक ई-पुस्तक मागतो तेव्हा तोच मजकूर उलट्या दिशेने पुन्हा युनिकोडमध्ये आणते. ज्या अवस्थेत मजकूर आला होता त्याच अवस्थेत तो परत नेण्यासाठी माझे आठवडे जातात, आणि परत नेलेला मजकूर मूळच्या इतका शुद्ध कधीच नसतो.

तो शुद्ध राहू शकत नाही याला कारण आहे. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात, आणि पहिली वेलांटी जशी डोळ्यांना दिसते तशीच व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर, तर युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. परिवर्तकाला ही सगळी उलथापालथ करावी लागते आणि कोठेतरी तो चुकतोच. वेलांटी चुकली तर ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली निदान दिसते तरी. रफार गळाला की "मार्ग"चा "माग" होतो, "कार्य"चे "काय" होते, आणि हे दोन्ही शब्द मराठीत आहेतच, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी कोणतीही प्रणाली हूं की चूं करत नाही. "दुसऱ्या"चे "दुसर्या" झालेले तर मला आता स्वप्नातही दिसते. मागच्या एका चरित्रग्रंथाची नामसूची मी हाती पेन्सिल घेऊन, पान पान वाचून केली, कारण त्या फाइलमध्ये एकही नाव शोधून सापडत नव्हते. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी होती.

मालकांचे उत्तर ठरलेले आहे: "चाललंय ना? मग खर्च कशाला?" मला सर्वांत जास्त चीड येते ती याच वाक्याची. सॉफ्टवेअरचे पैसे वीस वर्षांपूर्वी फिटले, म्हणून जुनी पद्धत फुकट आहे असे ते मानतात. माझ्या संध्याकाळी, पाच पाच वेळा वाचलेली मुद्रिते आणि पुढे ढकललेली प्रकाशने यांना त्यांच्या खतावणीत रकानाच नाही. नव्या सॉफ्टवेअरचे मासिक भाडे मात्र बिलावर छापून येते, म्हणून तेवढाच खर्च खरा.

बरे, खर्चाचीच भीती असेल तर मी त्यावरचा उपायही पुढे ठेवला. स्क्रायबस हे पाने लावायचे मोफत सॉफ्टवेअर आता देवनागरीची जोडाक्षरे नीट हाताळते, आणि मुक्तासारखे देखणे मराठी फॉन्ट कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यावर त्यांचे म्हणणे, फुकट मिळते त्यात काहीतरी गोम असते. मग मी इनडिझाइन या त्याच कामाच्या सशुल्क सॉफ्टवेअरचे नाव काढले, तर ते महाग. आमच्या जुन्या ऑपरेटरांचा हात बसला आहे, त्यांना नवा कळफलक शिकवायचा कोणी, हा त्यांचा आणखी एक हुकमी मुद्दा. पण जुन्या रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या मांडणीने युनिकोड टंकता येते हे मी त्याच ऑपरेटरांना दाखवले आहे आणि त्यांना ते आवडलेही आहे. विरोध करणारा या कार्यालयात एकच माणूस आहे. तोच माणूस रोज सकाळी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर सुविचार पाठवतो, तोही मोबाइलवर बोलून टंकलेला, रफार आणि वेलांट्या जागच्या जागी असलेला. मालकांच्या खिशात युनिकोड आहे; टेबलावर यायला तेवढी त्याला बंदी.

दिवाळी अंकाची कामे आटोपली की बघू, असे मला सांगण्यात आले. ती आटोपली तेव्हा प्रदर्शने आली, आणि त्यानंतर मार्चअखेर आली. मधल्या काळात एक्सपीच्या यंत्राची हार्डडिस्क खरखरू लागली, तेव्हा आता तरी सुटका होईल असे मला प्रामाणिकपणे वाटले. मालक शनिवारी स्वतः जाऊन तसेच दुसरे जुने यंत्र मिळेल त्या भावात घेऊन आले, आणि किती स्वस्तात पडले ते सर्वांना हसत हसत सांगत फिरले. त्या यंत्रावर पेजमेकर आणि सगळे जुने फॉन्ट सोमवारपर्यंत चढवून ठेवण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले आहे.