बिकिनी बीचवर सासूबाई

मालदीवची तिकिटं काढली तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती माझ्या कपड्यांची. आम्ही डोंबिवलीकर. समुद्रात जायचं म्हणजे गणपतीपुळ्याला सलवार गुडघ्यापर्यंत ओढून धरायची, लाट आली की किंचाळायचं आणि पुढचे चार दिवस ओढणीतली वाळू झटकायची, एवढाच माझा अनुभव. हे मात्र तिथेच, देवळासमोर, अर्ध्या चड्डीवर उघडेबंब पाण्यात शिरतात. बाप्पा काही म्हणत नाही, सासूबाईही काही म्हणत नाहीत.

कॉश्च्यूम घ्यायला दादरला गेले. दुकानदारानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "ताई, फॅमिलीवाला दाखवू?" फॅमिलीवाला म्हणजे कोपरापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत पाय आणि कमरेला झालर. घरी आरशात पाहिलं तर शाळेच्या गॅदरिंगमधली मासोळी दिसत होते. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "गुडघ्यापाशी जरा घट्ट नाही का होत?" हॉलचे पडदे बदलले तेव्हा ह्याच माणसाला सहा महिन्यांनी कळलं होतं.

मग ह्यांनी नियमांचा अभ्यास आरंभला. मालदीवमध्ये रिसॉर्टच्या बेटावर काय हवं ते घाला, काय हवं ते प्या. पण रिसॉर्टचं भाडं ऐकून ह्यांना ठसका लागला होता. आमच्यासारख्यांसाठी गावातली गेस्टहाउसं. ती 2009च्या सुमारास सुरू झाली, आणि गाव म्हटलं की गावाची रीत आली: दारू नाही, बिकिनी नाही. पर्यटकांना तर पोहायचं असतं. म्हणून माफुशीसारख्या बेटावर किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून वेगळा काढलाय. त्याचं नाव बिकिनी बीच. थट्टा नाही, पाटीवर तसंच लिहिलंय. आडोशाच्या आत बिकिनी, बाहेर पाऊल टाकलं की अंग झाकायचं. देशात पूजेच्या मूर्ती न्यायलाही मनाई आहे, म्हणून सासूबाईंचा बाळकृष्ण आठवडाभर शेजारच्या काकूंकडे राहायला गेला. सोबत लोण्याचा डबा.

पहिल्या दिवशी आम्ही त्या आडोशाच्या आत शिरलो. मी मासोळी, सासूबाई सुती साडीत. भोवती दोन-दोन बोटांच्या चिंध्यांवर निवांत पहुडलेल्या बायका. मला वाटलं, सासूबाई आता तोंड फिरवणार. त्या म्हणाल्या, "एवढ्या उन्हात पडल्यात, पाठ सोलवटेल गं पोरींची." आणि खरं सांगायचं तर तिथे कुणी त्यांच्याकडे बघतच नव्हतं. बघत होते ते आमच्याकडे. एका गोऱ्या बाईनं सासूबाईंचा पदर हातात घेऊन पाहिला आणि त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांच्या बाजूच्या किनाऱ्यावर गेलो तर थेट अलिबागच! डोक्याला रुमाल, अंगभर कपडे, कडेवर पोरं, अशा बायका कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गप्पा मारत होत्या. सासूबाई साडी खोचून त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. एक आजी नातवाला लाटा मोजायला शिकवत होती: एके, दे, तिने. सासूबाई आनंदानं ओरडल्या, "अगं, ही तर मराठीत मोजतेय!" मग दोघी मिळून मोजू लागल्या. चारच्या लाटेला 'हतरे' आलं तेव्हा जरा गडबड झाली, पण पाचव्या लाटेनं दोघींना खालीच बसवलं.

तिसरा दिवस शुक्रवार. दुपारची नमाज सुटलेली, गल्लीतून इस्त्रीच्या शर्टातली माणसं घरी परतत होती. आम्ही पोहून निघालो. मी मासोळीवर कुर्ता चढवला, सासूबाईंनी ओला पदर पिळून खांद्यावर घेतला आणि हे निघाले पुढे, गणपतीपुळ्याच्या चालीनं. ओली बर्म्युडा, वर नुसतं पोट. गेस्टहाउसवरचा पोरगा स्कूटरवरून येत होता. थांबला. ह्यांच्याकडे न बघता, हँडलकडे बघत हळूच म्हणाला, "सर, टी-शर्ट."

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. माझा कुर्ता जागच्या जागी होता.

"मला म्हणतोय?"

"पुरुषांनाही आहे, सर," पोरगा हँडललाच म्हणाला.

टी-शर्ट खोलीवर. अभ्यासात हा मुद्दा राहून गेला होता. माझ्या पिशवीत फक्त किनाऱ्यावर अंथरायला घेतलेलं पातळ कापड होतं, गुलाबी, त्यावर पिवळी जास्वंद. सासूबाईंनी ते लेकाच्या खांद्यांवरून घेतलं, काखेतून काढलं आणि छातीवर घट्ट गाठ मारली. "हलू नकोस, सुटेल."

गेस्टहाउस चार मिनिटांवर. हे एका हातानं गाठ धरून, दुसऱ्या हातानं जास्वंद पोटावर ओढत, भिंतीच्या कडेकडेनं चालत होते.

"कुणी बघतंय का गं?"

"बघतायत," मी म्हटलं. "चाला."