जुने सिंथ कपाटात ठेवायला नसतात

माझ्याकडचे बहुतेक जुने सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड, मी विकायला काढलेत. ही बातमी पसरल्यापासून दोन तऱ्हेचे फोन येताहेत. काहीजण हळहळतात, "एवढं जमवलेलं घालवू नकोस गं." काहीजण सल्ला देतात, "थांब थोडी, भाव अजून चढतील." मला दोन्ही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हळहळणाऱ्यांसाठी. जुना सिंथ झाकून ठेवला की टिकतो, हा समज चुकीचा आहे. कोर्गचा पॉलीसिक्स घ्या, १९८१ चा. बनवलेले आवाज लक्षात राहावेत म्हणून त्याच्या आतल्या बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी सोल्डर केलेली असते. वर्षानुवर्षं ती तशीच राहिली की गळते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खात सुटतो. माझ्याकडे आलेला पॉलीसिक्स उघडला तेव्हा बॅटरीभोवती हिरवट-निळा थर चढला होता आणि खालच्या काही रेषा पार नाहीशा झाल्या होत्या. व्हिनेगरने क्षार मारायचा, बोर्ड स्वच्छ करायचा, मग भिंगाखाली एकेक रेषा बारीक तारेने जोडत जायचं. ज्याच्याकडे तो आधी होता त्याने तो अतिशय प्रेमाने, कापडात गुंडाळून ठेवलेला होता!

रोलंडच्या ज्युनो-१०६ चं दुखणं वेगळं. १९८४ चं हे वाद्य एका वेळी सहा सूर काढतं आणि प्रत्येक सुरामागे ८००१७ए नावाची एक चिप असते. तिच्यावर रेझिनचा लेप आहे. वय झालं की तोच लेप वीज झिरपू देतो आणि चिप बिघडते. ओळखायचं कसं? एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहायची. दर सहाव्या वेळी सूर मुका निघाला किंवा खरखरला, की समजायचं एक चिप गेली. ती काढून ॲसिटोनमध्ये भिजत घालायची, लेप मऊ झाला की अलगद सोलायचा. बरेचदा ती पुन्हा बोलायला लागते. पण हे कळायला वाद्य रोज हाताखाली हवं. त्यात आपली कोकणपट्टीची हवा. पावसाळ्यात स्लायडर खरखरतात, जॅक गंजतात, पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट दगा देतात. एका माणसाने किती वाद्यांकडे असं लक्ष द्यायचं? मला दोन-तीन नीट जमतात. बाकीच्यांची आबाळ होते, आणि ती मला बघवत नाही.

आता भावाचं. रोलंडचं टीबी-३०३ हे १९८१ ते १९८४ या काळात निघालेलं छोटंसं यंत्र. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. ते चाललं नाही. जेमतेम दहा हजार बनले आणि नंतर सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळू लागले. म्हणूनच ते शिकागोतल्या, खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांच्या हाती लागले आणि १९८७ मध्ये फ्युचर या त्रिकुटाने त्याची बटणं नको तितकी पिळून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्माला घातला. त्याच्याही पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच ३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून त्यांची तबकडी काढली होती. सिनेसंगीतात वाजवणारा हा माणूस. नवी यंत्रं हाती आल्याबरोबर त्याने त्यांच्याकडून काम करून घेतलं. तेव्हा ती तबकडी कोणी फारशी घेतली नाही, २०१० ला पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झालं. ही यंत्रं तेव्हा गुंतवणूक म्हणून काचेच्या कपाटात गेली असती तर यातलं काहीच घडलं नसतं. आज ३०३ ला लाखांत पैसे मोजावे लागतात, आणि नव्याने वाजवू बघणाऱ्या मुलाला ते लांबूनच बघावं लागतं. भाव चढवण्याच्या या खेळात मला भाग घ्यायचा नाही.

मी ज्युनो ठेवतेय, कारण त्याचा कोरस, म्हणजे आवाज दाट करणारा इफेक्ट, लावला की माझी बोटं आपोआप चालतात. यामाहाचा डीएक्स७ जातोय, आणि हे ऐकून जुने ऑर्केस्ट्रावाले माझ्यावर चिडलेत. त्यांचा राग मी समजू शकते, १९८३ पासून पुढे किती तरी गाण्यांतला तो घंटेसारखा इलेक्ट्रिक पियानो त्याचाच. पण डेक्स्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्याचेच पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, उघडतं आणि माझ्या कामापुरतं चोख वाजतं. रोलंडचा डी-५० डोंबिवलीचा एक मुलगा घेऊन गेला. आला, "ताई, आधी वाजवू का?" म्हणाला, आणि फॅक्टरीच्या आवाजांना हातही न लावता थेट एडिटमध्ये, स्वतःचा आवाज घडवायला, शिरला. त्याला मी ठरवलेल्या किमतीपेक्षा कमीत दिला.

विकताना माझ्या काही अटी आहेत. दुरुस्तीत काय बदललं, काय अजून संशयास्पद आहे, हे सगळं लिहून देते. पॅचचा बॅकअप आणि सर्व्हिस मॅन्युअल सोबत. जपानहून आलेले नग १०० व्होल्टचे आहेत, त्यांच्याबरोबर ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागेल. थेट २३० ला लावले तर पॉवर सप्लाय जळतो. आणि पुढे विकण्यासाठी घेणाऱ्यांनी कृपया फोन करू नये.

पॉलीसिक्स, डीएक्स७ आणि कोर्ग एम१ अजून शिल्लक आहेत. एम१ च्या दोन पट्ट्या सैल आहेत, बॅटरी नवी घातलीय. यायचं तर सकाळी या, स्वतःचे हेडफोन आणा, हवा तेवढा वेळ वाजवा. किमतीचं त्यानंतर बोलू.