मावसा, ती काळी-पिवळी नाही

नाही. विमानात कुणालाच नाही बसवणार. मांडीवर नाही, पायाशी नाही, मागच्या डिकीत तर मुळीच नाही. हे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या लग्नात पत्रिकेसोबत छापून वाटता येईल.

परवा पारोळ्याला हळद होती. वरण-बट्टी चुरली, घोटलेली वांग्याची भाजी घेतली, पहिला घास तोंडात टाकणार तेवढ्यात मावसा पाच अनोळखी व्याही घेऊन समोर उभे. "हाऊ आमना पोऱ्या. इमान उडावस." इथपर्यंत ठीक होतं. छाती फुगली म्हणा ना. मग कळलं की माझ्या नावावर बुकिंग झालंय. रविवारी मनुदेवीला नातवाचं जावळं. मावसा, मावशी, सून, सव्वा वर्षाचा नातू, लेकीची तीन वर्षांची चिंगी आणि चालवायला मी. शिटा चार. "मांडीवर बसाडी लेसूत ना भो! तेन्हा काय वजन शे?"

आणि उतरायचं कुठे मावसा? केळीच्या बागेत?

मी म्हटलं, माझ्याकडे अजून विद्यार्थी वैमानिकाचा परवाना आहे, त्यावर कुणालाच नेता येत नाही. मावसा हसले. व्याह्यांकडे बघून हसले, हे जास्त लागलं. "मी लर्निंगवर अख्खी वरात एरंडोलले लई गयथू." मंडप खदखदला. बट्टी गार झाली.

तर ऐका. १९३७ सालच्या विमान नियमांत, जे आजही आमच्या मानगुटीवर आहेत, विद्यार्थी वैमानिकानं काय न्यायचं नाही ते लिहून ठेवलंय: प्रवासी, जनावर आणि माल. जनावरसुद्धा! म्हणजे इंग्रजांच्या काळातच कुणीतरी ओळखलं होतं की खान्देशातला पोरगा विमान शिकायला गेला की एखादा मावसा बोकड घेऊन उभा राहणार. सोलो म्हणजे मी एकटा. शेजारची सीट रिकामी. बामणोदची वांगी न्यायची म्हटली तरी तो माल झाला.

"मंग पेट्रोलना पैसा देसूत," मावसा म्हणाले. व्याह्यांनी माना डोलावल्या, जणू आता अडचणच उरली नाही. अहो, उद्या खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला तर प्रवासी नेता येतील, पण त्यांच्याकडून भाडं घेता येणार नाही! भाड्याच्या उड्डाणाला व्यावसायिक परवाना लागतो, त्याला दोनशे तास लागतात, आणि शिवाय ज्याचं विमान त्याच्याकडे वेगळी परवानगी लागते. हे सांगितल्यावर मावसांनी जे वाक्य टाकलं त्यानं माझी रात्रीची झोप गेली: "मंग इतला पैसा घालीसन तू शिकना काय?"

काय शिकलो? नाही म्हणायला शिकलो, मावसा. शिक्षणाचा अर्धा खर्च त्याचाच आहे.

हे काही नवीन नाही. आमच्या गल्लीवरून पस्तीस हजार फुटांवर एखादं मोठं विमान पांढरी रेघ ओढत गेलं की आईला फोन येतो, "पोरगा गेला वाटतं आत्ता, आम्ही हात हलवला." एकानं विचारलं, हॉर्न असतो का. एकाला त्याच्या विहिरीचा वरून फोटो हवाय, कारण बांधावरून चुलत्याशी वाद चालू आहे. परवाचाच नवरदेव म्हणे, वरातीवर फुलं टाक. विमानातून परवानगीशिवाय काहीही टाकायचं नसतं रे बाबा, फुलं काय नि अक्षता काय.

पण लेकरं मांडीवर घेण्याचं जे खूळ आहे ना, त्यानं माझं डोकंच फिरतं. स्कूटरवर पुढे उभं केलेलं पोर, बाप एका हातानं फोनवर. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हार्नेस आणि हेल्मेट, वेग ताशी चाळीसच्या आत, असा नियम २०२२ साली निघाला. अमळनेरात तो हार्नेस कुणी डोळ्यांनी पाहिला असेल तर कळवा, मी दर्शनाला येतो.

मावसांना वाटतं, मांडीवरच्या पोराला नाही म्हणणं हा माझा ताठा आहे. तसं नाही. दोन वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर चालतं, हे आपल्याकडच्या प्रवासी विमानांत आहे. अमेरिकेत तर चार सीटच्या विमानालाही तेच लागू. म्हणजे नातू कागदावर बसतो. चिंगी नाही बसत. तिला तिची सीट, तिचा पट्टा. पण कागद वेगळा आणि आईचे हात वेगळे. दहा किलोचं पोर, आपटताना नऊ पट जोर आला तर नव्वद किलो. धरून दाखवा. आणि एकाच पट्ट्यात दोघांना गुंडाळलं तर पुढे झुकणारी आई आणि पट्टा यांच्यामध्ये काय सापडतं, हे जेवताना सांगण्यासारखं नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला मोठं विमान कोसळलं. मांडीवरच्या मुलांना खाली पायाशी ठेवा, असं तेव्हाच्या सूचनांप्रमाणे आईबापांना सांगितलं गेलं. त्यातलं एक मूल गेलं. सूचना देणारी हवाई सेविका त्यानंतर वर्षानुवर्षं एकच मागत राहिली, लेकराला स्वतःची सीट द्या. मांडीची मुभा तिकडे अजून तशीच आहे.

आणि पुढच्या सीटवर चिंगीला बसवा म्हणे, तिला मजा येईल. पुढे दोन्ही बाजूंना कंट्रोल असतात. मधोमध लाल गोंडस मुठीचं मिक्श्चर असतं, म्हणजे इंजिनाला इंधन किती जायचं ते ठरवणारा दांडा. ते चिंगीनं ओढलं की इंजिन बंद. हीच चिंगी हळदीत माझ्या चष्म्याची एक काडी मोडून गेली.

आता खरी गोष्ट. इतकं सगळं बोलून मी घरी आलो आणि पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लोड शीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशोब, मांडून बसलो. उगाच. फक्त मावसांना आकड्यात हरवायचं म्हणून. आमचं चार सीटचं विमान म्हणजे सेसना १७२, त्याचं उड्डाणाचं कमाल वजन मॉडेलप्रमाणे १,१११ किंवा १,१५७ किलो. रिकामं विमान वजा केलं, दोन्ही टाक्या भरल्या, माणसं आणि सामान मिळून उरले सव्वादोनशे किलोच्या आसपास. मावसा एकशे दहा. मावशी "पंचाहत्तर लिही", म्हणजे पंच्याऐंशी. झाले एकशे पंच्याण्णव. उरले तीस किलो. त्यात वैमानिक बसवायचा. वैमानिकाचं वजन लिहिताना पेन अडलं, कारण रोजची शेवभाजी आणि इन्स्ट्रक्टरचे टोमणे दोन्ही आठवले. ब्याण्णव. म्हणजे या सहलीत सगळ्यात आधी खाली उतरवावा लागणारा माणूस मीच. मी नसलो तर नातवाचं जमवता येतं, सून तरीही खालीच, आणि विमान चालवायला कुणी नाही. मावसा म्हणतील, त्यात काय, मी आहे की.

तरी मे महिना धरलेला नाही. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम आठशे-साडेआठशे फुटांवर, पण पंचेचाळीस अंशांत हवा अशी विरळ होते की विमानाला वाटतं आपण साधारण साडेचार हजार फुटांवर उभे आहोत. धाव लांबते, चढण मंदावते, आणि मनुदेवी सातपुड्याच्या कुशीत, समोर डोंगर. दुपारच्या गरम हवेत ते इवलं विमान जे काही हलतं, त्यात वरण-बट्टी खाल्लेले मावसा. पिशवी कोण धरणार? संडास नाही त्यात. खिडकी उघडते, पण त्या विषयावर नकोच.

हे सगळं मी फॅमिली ग्रुपवर टाकलं. आकड्यांसकट. मावसांचं उत्तर आलं, अंगठा. त्याखाली: "मंग दोन चकरा मारजो."

आणि आत्ता हे लिहिताना आत्याचा फोन. तिच्या सुनेचं डोहाळजेवण आहे, उडायचं नाही म्हणे, फक्त विमानाजवळ फोटो. सगळ्या बायका, लेकरं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि "त्या पुढच्या पंख्याला धरून उभं राहायचं." पंखा! प्रोपेलर आहे तो, आत्या. बंद दिसला तरी चालू आहे असंच समजायचं असतं, त्याला कुणी हात लावत नाही, मीही उगाच लावत नाही, आणि पोटुशी बाई तर बापजन्मात नाही. यावर आत्या म्हणते, "बरं, मग पंख्याला माळ तरी घाल."