सलाईन लावून घ्यायची सोपी पद्धत

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या गल्लीतली सात माणसं एकदम आडवी झाली. त्यात मी. दोन दिवस खाट, चार बाटल्या सलाईन, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न : "बाहेरचं काय खाल्लं होतं बाप्पा?" पुरणपोळी खाल्ली होती, घरची. पण गावाचा निकाल लागून गेला होता. दोषी पाणीपुरीवाला. तो बिचारा आठवडी बाजाराशिवाय गावात फिरकतही नाही.

असो. एवढा अनुभव गाठीशी आलाच आहे तर एकट्यानं कशाला ठेवायचा? ज्यांच्या घरी अजून हगवणीनं पाय ठेवला नाही, त्यांनी पुढचं नीट वाचावं.

सुरुवात टीसीएल पावडरपासून, म्हणजे पिण्याचं पाणी शुद्ध करायला टाकीत टाकतात त्या क्लोरीनच्या पावडरीपासून. तिचं पोतं ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी, तोंड उघडं टाकून ठेवावं. पावसाळी हवा लागली की क्लोरीन उडून जातो आणि हाती चुन्याचं ढेकूळ उरतं. हजार लिटरला ५ ग्रॅम हा हिशेब ताज्या पावडरचा. आपण ढेकळातलं मूठभर घेऊन टाकीत भिरकावून द्यावं. बादलीत कालवायचं, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकायची, मग अर्धा तास पाणी सोडायचं नाही, हे रिकामटेकड्यांचे चोचले. रजिस्टरवर सही मात्र रोजची पाहिजे. आमच्याकडे ३१ जूनलाही पावडर टाकल्याची नोंद आहे.

पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणारी ओटी टेस्ट करू नये. पाणी पिवळं झालंच नाही तर उगाच बोभाटा.

तपासणीला पाण्याचा नमुना पाठवायचाच झाला तर बाटली गाडीच्या डिक्कीत टाकावी, आधी तहसीलची कामं उरकावी, चहा घ्यावा, जमलं तर उद्या पोचवावी. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय सापडताच कामा नये, असं मानक आहे म्हणे. आमचा अहवाल 'पिण्यास अयोग्य' असा आला, पण तो येईपर्यंत सगळे बरे होऊन कापसात फवारणीला लागले होते. मग त्याचं करायचं काय? फाइलला लावला.

विहिरीला कठडा बांधू नये. म्हशीला वाकून पाहता आलं पाहिजे.

तेरवीला थंड पाण्याचे जार आणावे आणि ते कुठं भरले हे विचारू नये. थंड असलं की शुद्धच असतं.

माठाजवळचं ओगराळं पोरांना खेळायला द्यावं.

आता मुख्य कृती. नळाला प्रेशर नाही हे तुम्हाला मी काय सांगू? तर अंगणातला नळ जमिनीखाली छाटून टाकावा आणि त्याच्याभोवती दोन-अडीच फूट खड्डा खणावा. तोटी नको, पाइपचं तोंड उघडं. त्याखाली गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, बसवला की पाणी उताराला लागून भरतं. नळ गेल्यावर खड्ड्यात जे साचतं ते तिथंच राहू द्यावं. भांड्यांची राख, शेवाळ, एखादा बेडूक, कोंबड्यांनी केलेली घाण, आणि या सगळ्यात बुडालेलं पाइपचं तोंड. वरून सप्लाय बंद झाला की पाइप उताराकडे रिकामा होतो आणि होता होता खड्ड्यातलं आत ओढून घेतो. खालच्या आळीतल्या बाईला सकाळी पहिला गुंड मिळतो तो तुमच्या अंगणाचा.

एवढ्यावर भागत नसेल तर टिल्लू आहेच. नळालाच मोटार! पाइपात पाणी असो नसो, ती ओढतच राहते. आता आपला पाइप कुठून गेला आहे? नालीतून. जॉइंटला काय आहे? सायकलची ट्यूब, वरून सुतळी. पाणी कमी पडलं की टिल्लू त्या फटीतून नाली ओढतो. आणि नालीत काय आहे ते सांगू? घरकुलाबरोबर संडास बांधले, अनुदान उचललं, शोषखड्डा कोणी केला? पाइप थेट नालीत सोडून मोकळे. कोणाकोणाचे सोडले आहेत ते अख्ख्या गावाला पाठ आहे. पहिला टिल्लू लावला तो कोणी? ज्याच्या भिंतीवर योजनेचा फलक रंगवला आहे त्यानं. त्याला म्हटलं, भाऊ, बाकीच्यांना पाणी जात नाही. तर म्हणतो, "मंग तूबी लाव ना बे!" आणि लावले की सगळ्यांनी. एकशे चाळीस घरं, नळ आला की गावभर घूंऽऽ आवाज, जसं मोहोळ उठलं. माणशी रोज ५५ लिटर द्यायचं म्हणून २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं. आपण त्यात नालीची भर घालून कोटा पूर्ण करतो.

दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर दीड वर्षाची पोर होती. शीर सापडत नव्हती, शेवटी पायाला सुई लावली. तिनं बाहेरचं काय खाल्लं होतं?

जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, पाचडोंगरी आणि कोयलारीला, कॉलऱ्यानं माणसं गेली. तिथं नळयोजनेची वीज तोडलेली होती, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले. त्यांना दुसरं होतं काय? आपल्याकडे वीज आहे, नळ आहे, पावडरीचं पोतं आहे. आणि आपण स्वतःच्या पैशानं मोटार आणून शेजाऱ्याच्या लेकरांना गटार पाजतो. वर २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या फोटोसमोर झाडू धरून उभे राहतो. लाजा नाहीत आपल्याला. आपल्याला म्हणतो मी, कारण आमच्या अंगणातला खड्डा बाबांनी खणला आणि वीस वर्षं मी त्यातच गुंड बुडवला. परवा मुरूम टाकून बुजवला, नळ वर घेतला, तोटी लावली. पाणी करंगळीएवढं येतं. येऊ दे.

तुम्हीही बुजवा. टिल्लू काढा. प्रेशरसाठी ओरडायचं तर ग्रामसभेत येऊन ओरडा, पारावर नाही. कोरमअभावी दरवेळी तहकूब होते ती सभा तुमचीच असते. गावाचं पाणी सांभाळणाऱ्या जलसुरक्षकाचं सहा महिन्यांचं मानधन थकलं आहे, ते आधी द्या, मग त्याला ओटीची बाटली घेऊन आपल्या नळाशी बोलवा आणि पिवळा रंग स्वतः उभं राहून पाहा. तोवर पाणी उकळून प्या. गॅस परवडत नाही म्हणता? टिल्लूला पैसे होते ना?