‘सुरुवातीला कशालाच नाही म्हणू नका’: हा सल्ला कोणाच्या सोयीचा?

पीएच.डी. झाली की हा सल्ला सगळीकडून येऊन आदळतो: सुरुवातीची काही वर्षं संशोधनातल्या सहकार्याचा एकही प्रस्ताव नाकारू नका. पेपर वाढतात, नाव होतं, ओळखी होतात, वेळ थोडाच जातो आणि नाहीच जमलं तर सोडता येतं. मी तो तीन वर्षं इमानेइतबारे पाळला.

‘पेपर वाढतात.’ मोजले तर वाढतात. सूहो ली आणि बॅरी बोझमन यांनी २००५ साली अमेरिकेतल्या ४४३ शास्त्रज्ञांचा अभ्यास मांडला. नुसती संख्या पाहिली तर सहकारी जास्त, तसे पेपर जास्त. पण प्रत्येक पेपरचं श्रेय लेखकांच्या संख्येने भागल्यावर हा संबंध उरला नाही.

‘नाव होतं.’ हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या पेपरला ५,१५४ लेखक आहेत. ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्थांचीच. तिथे ते रास्तच आहे, असे कण शोधणारी अवाढव्य यंत्रं एकट्यादुकट्याने चालत नाहीत. पण सात जणांच्या पेपरात आपण पाचवे असलो, तर मुलाखतीत ‘यात तुमचं काय?’ हे विचारतातच. शिवाय नावामागे जबाबदारी येते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१३ पासून लेखकत्वासाठी चौथी अट घातली आहे: संपूर्ण कामाबद्दल उत्तरदायी राहायचं. म्हणजे जो डेटा आपण उघडूनही पाहिला नाही, त्यालाही आपण जामीन.

‘वेळ थोडाच जातो.’ इथे मात्र हसू येतं. ‘फक्त स्टॅटिस्टिक्स बघून दे, दोन तासांचं काम,’ असं सांगून मला एक एक्सेल शीट आली. वयाच्या रकान्यात काही आकडे वर्षांत, काही महिन्यांत. शून्य म्हणजे कुठे खरंच शून्य, कुठे ‘मोजलंच नाही’. कोणता शून्य कुठला, हे ज्याला ठाऊक होतं तो नोकरी बदलून गेलेला. दोन तासांचे तीन आठवडे झाले. चौदा महिन्यांनी रिव्ह्यूअरचे, म्हणजे नियतकालिकासाठी पेपर तपासणाऱ्याचे, शेरे आले, ‘विश्लेषण पुन्हा करा’, आणि तेव्हा माझ्या स्वतःच्या ग्रँटच्या मुदतीला दहा दिवस उरले होते. होकार देताना हे दुसरं बिल कोणी धरतच नाही. त्यात माणसं वाढली की निरोपही वाढतात: तिघांत तीन जोड्या, आठ जणांत अठ्ठावीस.

‘नंतर सोडता येतं.’ कसं? तुमचा कोड दुसऱ्या कुणाला कळत नाही, मसुद्यावर तुमचं नाव आहे. अर्ध्यात सोडल्याने जी कटुता येते, ती सुरुवातीच्या नकाराने येत नाही.

ओळखी होतात, हे खरं. फक्त तिसऱ्यांदा आठवण करून दिल्यावर उत्तर देणारा माणूस, अशीही ओळख होते.

कोणतं सहकार्य फळेल हे आधी कळत नाही, हा या सल्ल्यातला दमदार भाग. पण हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांनी मिळून सुमारे शंभर पेपर लिहिले, ते एकमेकांबरोबर तीन दशकांहून जास्त काळ टिकून.

हल्ली मी एवढंच विचारतो: पहिला मसुदा कोण लिहिणार आणि कधीपर्यंत? मध्यंतरी एकाचं उत्तर आलं, ‘ते नंतर बघू, आधी तुझं नाव घालू का?’ मी नको म्हटलं. महिन्याभराने त्यानेच दुसरा प्रस्ताव पाठवला, कामाची वाटणी आणि तारखांसकट. तो घेतलाय.